शेवट खोटा आहे

रेडलंड्स, १२ सप्टेंबर १९४९

प्रिय लाइल,

काल रविवारी तुझा नवा घोड्यांचा सिनेमा आमच्या गावात लागला. चर्चहून आलो, थंड कोंबडी खाल्ली आणि वेन्डलला, या आमच्या नवरोबाला, ओढत दुपारच्या खेळाला नेलं. आता एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या सिनेमातल्या पुरुषांच्या माना लाकडाच्या आहेत का रे? हा सतरावा. सतराही वेळा शेवटी बाई दारात उभी, आणि हा मेला सरळ डोंगराकडे चालता! एकदा तरी वळून बघ म्हणावं त्याला. वेन्डल तर शेवटची पाच मिनिटं खुर्चीखाली टोपीच शोधत बसतो, कारण पुढचं त्याला पाठ आहे.

पेपरवाल्यानं लिहिलंय की हा म्हणे ‘सन्डक्विस्टचा खास ठसा’. ठसा कसला डोंबलाचा! सख्खी बहीण आहे म्हणून तोंडावर सांगते.

ईस्टरपासून तू इकडे फिरकला नाहीस. सत्तर मैल काही चंद्रावर नाहीत. वखारीत संत्र्यांचा हंगाम संपलाय, त्यामुळे वेन्डलही घरात असतो आणि माझ्या स्वयंपाकघरात नको तिथे नाक खुपसतो. तू आलास तर त्याला बोलायला माणूस मिळेल आणि मला शांतता.

तुझी,
मीडा


हॉलिवूड, २० सप्टेंबर

प्रिय मीडा,

माझ्या माणसांच्या मानांची चौकशी केल्याबद्दल आभार. वेन्डलला म्हणावं, टोपी मांडीवर ठेव.

पण ऐक. घोडे संपले! सोळा वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा जाड माणूस कुठल्या पायरीवरून घसरला तर जास्त हसू येईल एवढंच सुचवण्याचं माझं काम होतं. मग इतरांनी बिघडवलेले संवाद नीट करायला बसवलं. मग एक दिग्दर्शक घोड्यावरून पडला, अगदी खरोखर पडला, आणि पाय मोडून घेतला; जवळ उभा होतो म्हणून त्याचं काम मला मिळालं. तेव्हापासून बारा दिवसांत एक सिनेमा. तेच खडक, तीच घोडागाडी. डावीकडून आली तर डाकू, उजवीकडून आली तर कायदा. कथा दुसऱ्याची, शेवट तेवढा मी भांडून माझा ठेवायचो.

आता पायकसाहेबांनी (आमचे निर्माते, आयुष्यात त्यांनी एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही) पहिल्यांदाच मला माझी स्वतःची पटकथा करू दिली. लिहिणारा मी, दिग्दर्शक मी. चित्रीकरण संपलंसुद्धा. डिसेंबरात माझा करार संपतो. हा सिनेमा चालला तर पुन्हा कधी घोड्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. नाही चालला तर घोडेही मिळायचे नाहीत. एकच अट आहे: शेवटचा शब्द पायकसाहेबांचा.

आणि तुला सांगायलाच हवं, तू बाहेरून ऐकण्याआधी. गोष्ट बाबांची आहे. नेब्रास्का, पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडणारा माणूस, बायको, दोन मुलं. एका पहाटे तो हत्यारांची पेटी उचलतो आणि जातो. मुलगा खिडकीतून बघतो. माणूस मागे वळून पाहत नाही. बस. माझ्या डोळ्यांपुढे सहाव्या वर्षापासून जे आहे तेच. तुझं पात्रही आहे. तुला तीन वाक्यं आहेत.

पूर्ण होईपर्यंत बघू नकोस. तुमच्या गावात ते चाचणीचे खेळ होतात ना, न सांगता नवा सिनेमा दाखवून लोकांकडून कार्डं भरून घेतात, तिकडे तर मुळीच जाऊ नकोस.

तुझा,
लाइल


रेडलंड्स, २७ सप्टेंबर

प्रिय लाइल,

तीन वाक्यं?

तुला आंघोळ कोण घालायचं? तुझ्या केसांतल्या उवा कोणी काढल्या? शिक्षिकाबाईंच्या डब्यात बेडूक तू सोडलास आणि माफी मागायला कोण गेलं? तीन वाक्यं! त्यातलं एक नक्की ‘आई, दूध उतू गेलं’ असणार.

बरं, ते जाऊ दे. बाबांची गोष्ट कशाला काढलीस? आई आता नाही, बाबाही नाहीत, आणि ज्यांना माहीत होतं ते शेजारी पांगले. त्यांना तिथंच राहू द्यायचं होतं. आणि त्यांनी वळून पाहिलं नाही हे तुला कोणी सांगितलं? तू सहा वर्षांचा होतास, अंगात ताप, दुसऱ्या दिवशी गोवर बाहेर आला. तापात तुला कोंबड्या बोलताना ऐकू यायच्या. मी काही म्हणत नाही. एवढंच म्हणते की तो शेवट बदलता आला तर बघ. बाकी सिनेमा चांगलाच असेल.

पीचचा मुरंबा पाठवतेय. बरण्या परत कर, गेल्या वेळच्या चार अजून तुझ्याकडे आहेत.

मीडा


हॉलिवूड, ३ ऑक्टोबर

मीडा,

आता तूही!

पायकसाहेबांना शेवट नको, कारण ‘लोकांच्या नाकावर दार आपटल्यासारखं वाटतं’. त्यांच्या बायकोला नको, कारण तिचा पहिला नवरा असाच गेला. संगीतवाल्याला नको, कारण माणूस फार हळू चालतो आणि त्याची धून आधीच संपते. नीतिमत्तेचं बघणाऱ्या कार्यालयातून पत्र आलंय की बायकापोरांना टाकणाऱ्याला शिक्षा झालेली दिसली पाहिजे, निदान पाऊस तरी पडला पाहिजे. आता माझी बहीण म्हणते तापात मला कोंबड्या ऐकू यायच्या!

मी बघितलं ते बघितलं. त्या पाठीवर मी सतरा सिनेमे काढले. अठराव्यात पहिल्यांदा ती पाठ खरी आहे. शेवट बदलणार नाही. मुरंबा आला, उत्तम आहे. बरण्या सापडत नाहीत.

लाइल


हॉलिवूड, २४ ऑक्टोबर

मीडा,

हे पत्र लिहिताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलंय, तेव्हा अक्षर समजून घे.

शुक्रवारी चाचणीचा खेळ झाला. कुठं, ते मला गाडीत बसल्यावर सांगितलं. तुमच्या गावात! इतकी गावं पडली आहेत कॅलिफोर्नियात. मी मागच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसलो होतो, म्हणून तुझ्याकडे आलो नाही. चेहरा कुणाला दाखवण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

लोक शांत बसले होते, मीडा. कोणी खोकलं नाही. शेवटी माणूस निघाला तेव्हा मक्याच्या लाह्या खाणारे हातसुद्धा थांबले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग कार्डं आली. बहुतेक चांगली. ‘माझे वडील आठवले.’ ‘घोडे का नाहीत?’ ‘बायको देखणी आहे.’ आणि एक कार्ड, नाव नाही, नुसती ‘स्त्री’वर खूण, छापील अक्षरांत, पेन्सिल इतकी दाबून की कागदाला मागून फोड आलेत: ‘शेवट खोटा आहे. तो परत आला होता.’ ‘परत’च्या खाली दोन रेघा.

पायकसाहेबांना जणू आकाशवाणी झाली. ते कार्ड त्यांनी टाइप करून घेतलं, बैठकीत उभं राहून वाचलं. ‘ऐकलंत? बाईंना तो परत यायला हवाय! लोकांना तो परत यायला हवाय!’ मी म्हटलं, साहेब, ‘यावा’ असं नाही लिहिलेलं, ‘आला होता’ असं लिहिलंय, बाई वेडी आहे. ते म्हणाले, वेड्या बायकासुद्धा तिकीट काढतात.

तर आता नवा शेवट. तो परत येतो, बायको पिठाच्या हातांनी धावते, मिठी, टेबलावर गरम ॲपल पाय. सिनेमाचं नाव ‘घरी ये, जिवलगा’. अठ्ठावीस नोव्हेंबरच्या सोमवारी एक दिवस दिलाय. मी केलं नाही तर दुसरा कोणी करील, आणि मी दरवाजाबाहेर.

अकरा वर्षं खडकांत घोडागाड्या फिरवल्या त्या या एका सिनेमासाठी. आणि एक बाई, एक अर्धवट, आगाऊ, रिकामटेकडी बाई पेन्सिल उचलते आणि सगळं मातीत घालते. तुझं गाव एवढंसं आहे. कोण असेल ती? चर्चमधली ती पिसांच्या टोपीवाली तर नाही? मला फक्त नाव सांग. मी काही करणार नाही. फक्त तिच्या घरासमोर उभा राहून ओरडणार आहे.

लाइल


रेडलंड्स, २९ ऑक्टोबर

प्रिय लाइल,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण गावातल्या बायकांना कशाला नावं ठेवतोस? पिसांच्या टोपीवाल्या मिसेस टॉल्बर्ट अगदी गरीब आहेत. त्या बिचाऱ्या तर शेवटी इतक्या रडल्या की चष्मा काढून शालीला पुसत होत्या, आणि नवऱ्याला म्हणत होत्या की त्या बाईनं एकदा हाक तरी मारायला हवी होती. त्या असलं काही लिहिणार नाहीत.

लिहिणारीला काही वाईट करायचं नसेल. कार्डावर जागा किती असते! दोन ओळी. माणूस दोन ओळींत काय सांगणार? आणि ते निर्मातेसाहेब वाचतात भलतंच, त्यात तिचा काय दोष? तूच बघ.

इथं ऊन अजून उतरत नाही. वेन्डलच्या गुडघ्यानं पुन्हा उचल खाल्लीये. ॲपल पायमध्ये सफरचंदं घालायचीच असतील तर त्या साहेबांना म्हणावं, नेब्रास्कात जुलैत सफरचंदं कुठली?

मीडा


हॉलिवूड, १ नोव्हेंबर

मीडा,

मिसेस टॉल्बर्ट शेवटी चष्मा पुसत होत्या आणि नवऱ्याला काय म्हणाल्या हे तुला घरी बसून कळलं का?

आणि जुलै कुठून आणलास? सिनेमात महिना सांगितलेलाच नाही.

तू तिथं होतीस. कार्ड तू लिहिलंस.

मी तुला एकच गोष्ट मागितली होती: जाऊ नकोस. तू गेलीस ती गेलीस, वर त्या लोकांच्या हातात माझ्याविरुद्ध दगड दिलास. तीन वाक्यांचा सूड घेतलास का? तुला न पटणारं माझं आयुष्य आहे हे मला ठाऊक आहे, पण एवढा खोटेपणा कशासाठी? ‘तो परत आला होता’! कोण आला होता? कुठं?

ल.


रेडलंड्स, ५ नोव्हेंबर

लाइल,

बाबा आले होते.

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. वेन्डललाही ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं. ते वाक्य कार्डावर लिहीपर्यंत मी ते कधी कुठं उच्चारलं नव्हतं. हॉलमध्ये दिवे लागले, दारातल्या मुलीनं हातात कार्ड दिलं, ‘शेवट पटला का?’ असं छापलेलं होतं, आणि माझा हात चालला. सूडबीड काही नाही. तुझा सिनेमा चांगला आहे. इतका चांगला आहे की खोटं सहन झालं नाही.

ते गेल्यावर अकरा दिवस झाले होते. दुपारची वेळ. शेजारच्या व्होपॅटांच्या सुनेला कळा लागल्या म्हणून आई त्या दिवशी पहिल्यांदाच उठून बग्गी घेऊन तिकडे गेली होती. तू आतल्या खोलीत, खिडकीला घोंगडी लावलेली, गोवर अजून उतरलेला नव्हता. मी तेरा वर्षांची. अकरा दिवस गाईचं दूध, पाणी ओढणं, कोंबड्या, तुझं अंग पुसणं, सगळं मी करत होते, कारण आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

बाबा चालत आले. पेटी खांद्यावर. वाटेत कुणाच्या तरी टाकीवर शर्ट धुतला असावा, ओला होता. जाळीच्या दाराला आतून कडी होती. ते बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मीडा, आई आहे का?’

मी कडी काढली नाही. मी म्हटलं, ‘आईनं सांगितलंय तुम्हाला घरात घ्यायचं नाही. तिला तुमचं तोंड बघायचं नाही.’

आईनं असं काही सांगितलेलं नव्हतं, लाइल. ते मी म्हटलं. माझं मी.

‘लाइल कुठंय?’ म्हणाले. ‘झोपलाय. गोवर आलाय.’ ‘मग नको उठवूस.’ दाराची वरची बिजागरी सैल झाली होती, पेटी उघडून बाहेरूनच तिचा स्क्रू आवळला. मग गेले. वळून बघितलं. पवनचक्कीपाशी एकदा आणि रस्त्याच्या वळणावर एकदा. मी दोन्ही वेळा तशीच उभी होते.

मला वाटलं उद्या पुन्हा येतील. उद्या मी दार उघडीन. मला त्यांना एक दिवस शिक्षा करायची होती, एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दाराशी होते. मग बावीस साली वायोमिंगहून ते कार्ड आलं, ते वारल्याचं.

ते घर आपण का सोडत नव्हतो, आठवतं? मामा आयोवाला ये म्हणून मागे लागला होता. आई म्हणायची, पत्ता बदलला तर हे शोधणार कसे? मी शेजारी बसून वाटाणे सोलायचे. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

तुझे सतराही सिनेमे मी बघितले. प्रत्येक वेळी तो माणूस न वळता गेला आणि मला वाटलं, ही माझी करणी आहे. त्याचाच राग मी तुझ्यावर काढायचे.

आता हवं तर घरासमोर येऊन ओरड.

मीडा


रेडलंड्स, १९ नोव्हेंबर

लाइल,

दोन आठवडे झाले. शिव्या दे, पण लिही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येणार की नाही एवढं तरी कळव. टर्की दोघांची आणायची की तिघांची हे कसाई विचारतो, आणि मी त्याला काय सांगू?

मीडा


हॉलिवूड, २२ नोव्हेंबर

मीडा,

येणार नाही. ते रागानं नाही; सोमवारची तयारी करतोय. राग आहे, भरपूर आहे, पण तो आधी कुणावर काढावा याचा मला अजून क्रम लावता आलेला नाही. तुझ्यावर, बाबांवर, आईवर, त्या गोवरावर. आणि स्वतःवर, कारण मी अकरा वर्षं लोकांना एका पाठीचं खोटं चित्र दाखवून त्याला माझा ठसा म्हणवून घेतलं.

सोमवारी पिठाच्या हातांची मिठी मी कॅमेऱ्यात घेणार नाही. मी तुझी दुपार घेणार आहे. पायकसाहेबांना ‘तो परत येतो’ हवंय ना? येतो. पुढचं त्यांना पडद्यावर बघू दे. अर्थात ते मला हाकलतील, पण ते तसंही हाकलणारच आहेत.

काल वाचन केलं. मुलीचं काम करणारी डॉरीन तेरा वर्षांचीच आहे. बाबांचं काम करणारा टॉब्रिज, साठीचा जुना नट, चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेला. त्यानं कागद खाली ठेवून मला विचारलं, ‘एक सांगा. मुलगी खोटं बोलतेय हे या माणसाला कळतं का? कळत असेल तर मी वेगळ्या चालीनं जाईन.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, शनिवारपर्यंत सांगतो.

कळलं होतं का, मीडा?

लाइल


रेडलंड्स, २४ नोव्हेंबर

लाइल,

टर्की आम्ही दोघांनीच खाल्ली, सुकी झाली होती. वेन्डल आत घोरतोय, म्हणून आत्ता लिहिते. उद्या सकाळच्या टपालानं जाईल, शनिवारी तरी तुला मिळायला हवं.

त्या मोठ्या पत्रात मी एक वाक्य गाळलं. मी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आई असं म्हणाली? याच शब्दांत?’ मी म्हटलं, याच शब्दांत. तेव्हा ते हसले. थोडंसंच. आईला रागावताच यायचं नाही, तुला माहितेय. मांजरानं लोणी खाल्लं तर ती मांजराची समजूत काढायची. ‘तोंड बघायचं नाही’ असले शब्द तिच्या तोंडी कधी नव्हतेच. ते माझे होते आणि ते बाबांना कळलं.

कळूनही गेले.

हे तुला सांगायचं नव्हतं मला. वाटलं, तुला एवढं मिळू दे की वडील परत आले होते आणि बहिणीनं घालवले. त्यात तुझ्या वडिलांचं काही बिघडत नाही. बिघडलं तर माझं. आणि माझं मी छत्तीस वर्षं सांभाळलंय, आणखी थोडी वर्षं सांभाळलं असतं.

पण तुझ्या त्या म्हाताऱ्या नटाला खोटं सांगू नकोस. त्याला म्हणावं, कळतं.

मीडा


हॉलिवूड, ३ डिसेंबर

प्रिय मीडा,

निकाल आधी सांगून टाकतो. पायकसाहेबांनी बुधवारी तुझी दुपार पडद्यावर बघितली. दिवे लागले तेव्हा नाक पुसलं आणि म्हणाले, ‘लाइल, फार सुंदर. हे कुणालाही दाखवता येणार नाही.’ गुरुवारी दुसऱ्या एकानं अर्ध्या दिवसात मिठी उरकली. ॲपल पाय खरा होता म्हणे, तो नंतर दिवेवाल्यांनी खाल्ला. फेब्रुवारीत ‘घरी ये, जिवलगा’ लागेल, माझ्या नावानं. नाव काढून घ्यायचा हक्क करारात नाही. करार पुढे चालू नाही. दूरचित्रवाणीवाल्यांनी विचारलंय: दर आठवड्याला अर्धा तास, खडक, घोडागाडी. जाईन बहुधा. रोजचं जेवण लागतंच, आणि त्या खडकांना मी ओळखतो.

वैतागलोय, हे खोटं कशाला सांगू? रस्त्यात कुणी ‘अभिनंदन’ म्हटलं तर त्याला चावावंसं वाटतं.

पण तुला सोमवारचं सांगायचंय.

डॉरीन सकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मिस्टर सन्डक्विस्ट, ही मुलगी वाईट आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग खोटं का बोलते?’ मी म्हटलं, ‘ती दमलीये. अकरा दिवस घरात मोठं माणूस कुणीच नाही. तिला राग आलाय, आणि तिला वाटतंय उद्या परत सगळं नीट करता येईल. तेरा वर्षांच्या मुलीची यात चूक नसते. चूक दाराबाहेरच्या मोठ्या माणसाची. त्याला कळलं होतं, त्यानं थांबायला हवं होतं.’ एवढं बोलून गेलो आणि मग मला माझा आवाज ऐकू आला. ती निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो.

पहिलाच टेक उत्तम झाला. टॉब्रिजनं ते हसू आणलं, तू लिहिलंस तेवढंच, थोडंसं. तो गेला, दोनदा वळला. कॅमेरामन म्हणाला, झालं. मी म्हटलं, पुन्हा. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे चांगले. सगळ्यांत तो जातो. मला थांबता येईना.

पाचव्याच्या आधी मी टॉब्रिजला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, या वेळी जाऊ नका. त्यानं ‘का’ विचारलं नाही. डॉरीनला आम्ही काही सांगितलं नाही.

तिनं वाक्य म्हटलं. तो हसला. बिजागरीचा स्क्रू आवळला. मग पेटी खाली ठेवली आणि पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. नुसता बसून राहिला. कॅमेरा चालू होता, कुणी हललं नाही. डॉरीन जाळीमागे वाट बघत राहिली, तो उठेल म्हणून. नाही उठला. शेवटी ती गोंधळून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘मिस्टर सन्डक्विस्ट, हे जात नाहीत. आता मी काय करू?’

मीडा, मी दिग्दर्शक. तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ‘कट’सुद्धा म्हटलं नाही, फीत आपोआप संपली.

तू तिथं असतीस तर तिला काय सांगितलं असतंस?

तुझा,
लाइल


रेडलंड्स, ५ डिसेंबर

प्रिय लाइल,

सांगितलं असतं, कडी काढ, बाई. आणि आत जा आणि लाइलला उठव. गोवर असला तरी उठव.

तुझी,
मीडा